नानांचे संबंध

आमच्या नानांचे अख्ख्या भोसरीशी संबंध होते. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगायचे. बसचा ड्रायव्हर, बँकेचा वॉचमन, चाकणच्या बाजारातला कांद्याचा अडत्या, सगळ्यांशी "आपले संबंध आहेत, वहिनी." त्या अडत्याकडून एकदा माझ्यासाठी कांदे आणले. निम्मे सडके. मी पिशवी त्यांच्यापुढे उपडी केली. नाना म्हणाले, "परक्याला सगळेच सडके दिले असते."

माझे मालक आणि नाना एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मालक गेले, नंतर नानांची बायकोही गेली. आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. भाजी केली की वाटीभर मी त्यांना द्यायची. ती वाटी कधी रिकामी आली नाही. शेंगदाणे, कढीपत्ता, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. एकदा नुसती एक लवंग आली.

"संबंध म्हणजे काय, वहिनी? वाटी जाते, वाटी येते. रिकामी आली की समजायचं, तुटला."

मी चौथी शिकलेली. मला ते पटलं होतं.

मग माझ्या नातीला, पिंकीला, बघायला पाहुणे आले. नाना इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी सतरंजीवर हजर. मुलाच्या मामाने विचारलं, "हे कोण?"

माझ्या लेकाने तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मी शेजारी. पिंकीचे आजोबा गेले, पण वहिनींशी माझे संबंध अजून आहेत."

नवऱ्या मुलाचे मित्र माना खाली घालून हसायला लागले. एकजण म्हणाला, "या वयात, आजोबा?"

"वयाचं काय घेऊन बसलास? रोज आहेत!" नाना खुश. "कधी यांच्याकडून, कधी माझ्याकडून."

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

पुढे मध्यस्थाचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण त्या म्हाताऱ्याचं येणं-जाणं बंद करा. पिंकीला मुलगा आवडला होता, ती आत रडत बसली. लेक नानांच्या दारात गेला.

"नाना, हा शब्द आता असा कुणी बोलत नाही. पेपर वाचता ना? त्यात 'संबंध होते' असं छापतात ते कशाबद्दल?"

नानांचे कान लाल झाले होते. "मग आमचं जे होतं त्याला काय म्हणायचं, बाळा?"

लेकाने डोकं खाजवलं. इंजिनियर आहे तो. मी मागेच उभी होते, मलाही सांगता आलं नाही.

"मी नसलो तर पोरीचं ठरतंय ना?" नानांनी विचारलं. "मग झालं."

सकाळी माझ्या उंबऱ्यावर पितळी वाटी होती. चिंचेने घासून लख्ख केलेली. मी हात घालून पाहिलं. रिकामी.

पिंकीचं लग्न झालं. नाना आले नाहीत. काल कुरियरवाला आला. मी मोरीत होते, दार उघडायला उशीर झाला, म्हणून त्याने शेजारी विचारलं, "आजींचं पार्सल ठेवता का?"

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाना म्हणाले, "नाही बाबा. त्यांच्याशी माझे काही संबंध नाहीत."

रात्रीसाठी पिठलं केलं. पीठ अजून नानांची वाटी धरूनच पडतं. उरलेलं कुत्र्याला घातलं.