लक्ष्मीच्या अंगात काय आलं

"माझ्या घरात मला विचारल्याशिवाय पालसुद्धा चुकचुकत नाही," असं कुशाबा लालबागच्या नाक्यावर दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. संपात गिरणी गेली त्याला वीस वर्षं झाली, पण गड्याचा रुबाब अजून पहिल्या पाळीचाच. घर चालायचं ते बायकोच्या, लक्ष्मीच्या खानावळीवर. दोन वेळा चाळीस माणसांचं जेवण, आणि तेवढ्यांची भांडी. शेवटी तिच्या कंबरेनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, कंबर सांभाळायची असेल तर खानावळ बंद करा.

लक्ष्मी कसली बंद करते! ती गुपचूप दादरला एका बाईंकडे बेली डान्स शिकायला जाऊ लागली. "हा नाच इजिप्तकडचा, अरबांच्या मुलखातला," बाई सांगायच्या. "नेमका किती जुना, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण तिकडे लग्नकार्यात बायका बायकांतच नाचतात, आपली मंगळागौर समजा. पोट नि कंबर फिरवायची, बाकी अंग शांत. पाठीला बळ येतं." आणि खरंच, दोन महिन्यांत लक्ष्मी भाताचा टोप एकटीनं उतरवायला लागली. ज्या कुणी बायांनी हा नाच काढला, त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं तिला वाटायचं. बाईंनी तिला घुंगरांचा कंबरपट्टाही सरावासाठी दिला.

एका शुक्रवारी दुपारी न्हाऊन, केस मोकळे सोडून, दार लोटून ती सराव करत होती. डोळे मिटलेले, पोट गरगर फिरतंय, घुंगरं छुमछुम वाजतायत. शेजारच्या सोनूबाईनं खिडकीतून डोकावलं मात्र, ती ओरडतच सुटली, "अगो बायांनो, लक्ष्मीच्या अंगात आलंय!"

पाच मिनिटांत अख्खी चाळ हळदकुंकू, नारळ घेऊन हजर. कुणाला पोराच्या लग्नाचं विचारायचं होतं, कुणाला फंडाच्या पैशांचं. नाक्यावरून धापा टाकत आलेल्या कुशाबानं दार ढकललं आणि बायकोपुढे सपशेल लोटांगण घातलं.

"आये, काय चुकला माझा?"

लक्ष्मीनं डोळे उघडले. खरं सांगावं तर वर्ग बंद, वर्ग बंद तर कंबर गेली, कंबर गेली तर चूल विझली. पण नवरा आयुष्यात पहिल्यांदा विचारत होता, काय चुकलं म्हणून.

"वीस वर्षं हिनं भांडी घासली," एरवी 'अहो' म्हणणारी लक्ष्मी म्हणाली. "तू एक तरी वाटी विसळलीस?"

कुशाबा उठला आणि तडक मोरीत जाऊन बसला.

माणसं पांगल्यावर तिनं त्याला सगळं खरं सांगितलं. पण तोवर चाळीनं देवीचा शब्द ऐकला होता. आता भांडी सोडली तर नाक्यावर तोंड कुठं दाखवणार? तो मुकाट घासत राहिला. चाळीस ताटं, टोप, पराती. पंधरवड्यात त्याला उभं राहताना भिंत धरावी लागली.

त्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा छुमछुम ऐकू आली. सोनूबाई नारळ घेऊनच खिडकीशी धावली. आत कुशाबा, बनियनवर घुंगरांचा पट्टा, घामाघूम. समोर लक्ष्मी.

"खांदे नको, पोट फिरवा. अहो, पोट!"

"लक्ष्मी," सोनूबाईनं दबक्या आवाजात विचारलं, "हा कुठला देव गो?"

"नवा आहे," लक्ष्मी म्हणाली. "अजून शिकतोय."