भरमाण्णांचं सूत

भरमाण्णांचा थर्मामीटरवर विश्वास नाही. ते हवा सुतानं मोजतात.

त्यांच्या बंडीच्या खिशात कच्च्या सुताची एक गुंडी असते. कुठंही गेले, की आधी वीतभर धागा काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, कानाजवळ न्यायचा आणि हलकेच ताणायचा. धागा टिकला तर बसायचं. तुटला तर उभ्या उभ्या बोलून निघायचं. बँकेच्या मॅनेजरांनी एकदा त्यांना एसीच्या केबिनमध्ये बसवलं. धागा तुटला. "गार हाय, पर कोरडं हाय," असं मॅनेजरांना सांगून भरमाण्णा बाहेर रांगेत जाऊन उभे राहिले. पुतण्याच्या लग्नात कार्यालयभर धागे तोडून झाल्यावर त्यांनी हात धुवायच्या नळाशेजारी खुर्ची लावून घेतली आणि तिथंच जेवले. वाढप्यांना मात्र प्रत्येक पदार्थ घेऊन नळापर्यंत जावं लागलं.

बेळगावात वडगावच्या आमच्या गल्लीत ते माझे शेजारी. पन्नास वर्षं त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर ताणा, म्हणजे मागावर लांबीनं ताणलेले उभे धागे. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की ताणा तुटतो, म्हणून विणकर खिडक्यांना ओलं गोणपाट लावतात आणि जमिनीवर पाणी शिंपडतात. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. भरमाण्णांनी विणणं सोडून सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या घराच्या पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बारा महिने दुहेरी ओलं गोणपाट असतं. यामागचं कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर वर्तमानपत्रात काम करतो.

त्यांचा आवडता शब्द एकच: "तुटंल." पावसाळी ढगाकडं बघून, भरगच्च सिटी बसकडं बघून, निवडणुकीतल्या युतीकडं बघून ते हाच शब्द वापरत. धागा टिकला तर मात्र काहीच बोलत नसत.

गल्लीच्या टोकाला सरकारी मराठी शाळा आहे. सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दोन पंखे आहेत, ते पत्र्याची धग खाली ढकलतात. यंदा मार्चमध्ये एका दुपारी अडीच वाजता रेणुका नावाची मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि उत्तराच्या मध्येच बाकावर कोसळली. भरमाण्णा तेव्हा फाटकाशी होते. मुख्याध्यापिका पाटील बाईंनी रेणुकाला खाली आणून तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती शुद्धीवर आल्याचं बघून भरमाण्णा जिना चढून वर गेले. वर्गात तीन ठिकाणी धागा ताणला. तिन्ही ठिकाणी तुटला.

खाली येऊन ते म्हणाले, "बाई, हितं सूत टिकंना. पोरं कशी टिकतील?"

"अण्णा, मी काय करू? दर तासाला पाण्याची घंटा देते. सकाळच्या शाळेचा आदेश अजून आला न्हाई. खाली एक खोली मोकळी न्हाई."

"माग थांबला न्हाय पायजे."

"हा माग न्हवं, अण्णा. शाळा हाय."

"तेच म्हणतो मी."

पालकांच्या तक्रारी शिक्षण खात्यापर्यंत गेल्या आणि उत्तर आलं. साहेब शुक्रवारी दुपारी अडीचला वर्ग बघायला येतील. वर्ग बसण्याजोगा नसेल तर सातवी दुसऱ्या शाळेला जोडली जाईल. ती शाळा हमरस्त्यापलीकडं, शहापूरच्याही पुढं. कागदावर एवढंच होतं. कागदावर नव्हतं ते बाईंनी मला सांगितलं. वर्गात अकरा मुली आहेत. तेवढ्या लांब त्यांना घरचे धाडणार नाहीत. घरी बसवून मागासाठी कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला लावतील. रेणुकाच्या आईनं तसं बोलूनही दाखवलं होतं.

भरमाण्णांनी हे सगळं ऐकलं. खिशातली गुंडी काढून पुन्हा ठेवली. "शुक्रवारपतोर वरच्या खोलीत सूत टिकवतो," म्हणाले, "बाकीचं तुमी बगा."

सोमवारी त्यांनी गोणपाटाची दहा पोती गोळा केली, भिजवली आणि सातवीच्या खिडक्यांना टांगली. एक चूक झाली. पोती भिजवली ती घरच्या जुन्या हौदात. त्या हौदात पूर्वी सुताला खळ द्यायचे आणि तळाशी वाळलेली खळ तशीच होती. ऊन लागलं, पाणी उडालं आणि पोती पापडासारखी कडक झाली. खिडकीवरून उतरवली तर जमिनीवर आपापली उभी राहू लागली. पोरांनी एकाला टोपी घातली आणि शेवटच्या बाकावर बसवलं. कन्नडच्या सरांची नजर अधू आहे. त्यांनी त्याला दोनदा उभं राहून वाचायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा वर्गाबाहेर काढलं. तोवर खळीच्या वासानं मुंग्या आल्या होत्या.

"अण्णा, सरांनी पोत्याला शिक्षा केली!" रेणुका जिन्यावरून ओरडली.

"चूक पोत्याची न्हाय गं, माझी हाय. मला करा शिक्षा."

बाईंनी केली. मंगळवारी सकाळी सहा वाजता भरमाण्णा शाळेच्या नळाखाली दहाही पोती एकटे धूत होते. पुतण्याच्या सासुरवाडीहून, संकेश्वरहून, उसाचा पाला आला. तो पत्र्यावर पसरून भिजवला. नऊ वाजता पूर्वेच्या खिडक्या बंद, पश्चिमेच्या उघड्या. बाकांखाली दर तासाला पाण्याचा शिपका. शिंपडण्याचं काम मुलींकडं दिलं, कारण मुलं जमिनीपेक्षा एकमेकांवर जास्त शिंपडत होती.

मग त्यांनी बाकांच्या प्रत्येक रांगेत एक धागा बांधला. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसऱ्या टोकाला छोटा खडा. नियम असा की धागा तुटला की घड्याळाकडं न बघता पाण्याची घंटा द्यायची आणि सगळ्यांनी उठून पाणी प्यायचं. पहिल्या दिवशी गणिताच्या एका तासात चार वेळा घंटा झाली. भरमाण्णा वर आले. चष्मा लावून चारही धाग्यांची टोकं त्यांनी उजेडात धरली.

"ह्यो तुटलाय. हे तीन तोडल्यात. कोण रं?"

वर्गानं वह्यांत डोकी घातली.

"तुटलेल्या सुताला मिशी असती. तोडलेल्याला नसती. दातानं तोडलंय. कोण?"

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "अण्णा, त्या पोत्यानं."

भरमाण्णा हसले नाहीत. त्यांनी शेवटच्या बाकावरच्या चौघांना सहा वाजता नळावर बोलावलं. चौघेही आले. तेव्हापासून पाणी वर न्यायचं काम त्या चौघांचं.

दहा पोती मात्र पुरेनात. पश्चिमेच्या दोन खिडक्या उघड्या पडत होत्या आणि तीननंतरचं ऊन तिथूनच आत यायचं. बाजारात गोणपाट मिळेना. तांदूळ, साखर, सिमेंट, सगळं आता प्लास्टिकच्या पोत्यात येतं. "ही पाणी पीत न्हाईत," असं दुकानदाराला सांगून भरमाण्णा बुधवारी निपाणीच्या बसमध्ये बसले. तिथं तंबाखूच्या वखारीतून चार चांगली, जाड गोणपाटाची पोती मिळाली. गुरुवारी ती भिजवून टांगली. तंबाखू ओली होऊन दरवळली. पहिल्या तासाला अख्खी सातवी शिंकत होती. दुसऱ्या तासाला खालची सहावीही शिंकू लागली. बाईंना हजेरी घेता येईना, कारण "हजर"च्या जागी शिंक येत होती. पोती उतरवली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता त्या दोन खिडक्यांशी भरमाण्णांनी धागा ताणला. तुटला. खोलीत इतरत्र टिकत होता. रेणुकाचा बाक नेमका त्या खिडक्यांखाली.

"तिला दुसरीकडं बसवते," बाई म्हणाल्या.

"मग तितं कोण बसंल? त्येबी कुणाचं तरी पोरगंच न्हवं?"

"तुटंल," असं या वेळी भरमाण्णा म्हणाले नाहीत. ते घरी गेले.

शुक्रवारी सकाळी त्या दोन खिडक्यांना चार पोती होती. जुनी, काळपट, वर्षानुवर्षं पाणी पिऊन मऊ झालेली. बाईंनी वास घेऊन बघितला. तंबाखूचा नव्हता. त्यांना तेवढंच हवं होतं. पोती कुठून आली, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

साहेब अडीचला आले. जिना चढताना त्यांनी दोनदा रुमाल काढला. दारात थांबले, खिडक्यांकडं बघितलं, बाकांखालच्या ओलीकडं, गजांना लोंबणाऱ्या खड्यांकडं बघितलं आणि भरमाण्णांना कन्नडमध्ये विचारलं, "एनप्पा इदु? हे काय?"

"सूत, साहेब." भरमाण्णांनी धाग्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. ओढा. हळू."

साहेबांनी ओढलं. धागा टिकला. त्यांनी आणखी ओढलं. टिकला. त्यांना बहुधा तो तोडायचाच होता, कारण ते खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन ओढून आले. शेवटी रेणुकाशेजारी, पश्चिमेच्या खिडकीखाली, बाकावर बसले. बाईंनी रेणुकाला धडा वाचायला उभं केलं. ती पान संपेपर्यंत वाचत राहिली. मग उलटून पुढचं वाचू लागली. बस म्हटल्यावरच बसली. साहेब रुमाल खिशात ठेवून पाऊण तास बसले होते.

अडचण अहवालाची आली. "उष्णता किती, ते लिहावं लागतं," साहेब म्हणाले.

"सूत तुटलं न्हाय, असं ल्ह्या."

"तसा रकाना न्हाई, अण्णा."

बाईंनी स्टाफरूममधला भिंतीवरचा थर्मामीटर वर आणला. आकडा लिहिला गेला. भरमाण्णांनी तो वाचायला नकार दिला. खाली साहेबांनी शेरा लिहिला: व्यवस्था समाधानकारक, सकाळच्या शाळेचा आदेश येईपर्यंत वर्ग येथेच भरावा. बाईंनी तो मोठ्यानं वाचला. अकरा मुलींपैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी पाणी शिंपडायला उठल्या, कारण तास झाला होता.

शाळा सुटल्यावर मी भरमाण्णांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. साडेपाचचं ऊन सरळ मागाच्या खोलीत आलं होतं. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. चौकटीच्या खिळ्यांना गोणपाटाच्या चिंध्या अडकल्या होत्या.

सहा वर्षं ज्या खोलीत कुणी डोकावलं नव्हतं, तिथं माग होता. मागावर अर्धी विणलेली जांभळी साडी होती. पुढं ताणा. त्यातले कित्येक धागे तुटून खाली लोंबत होते. भरमाण्णा खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

"ही कुणाची, अण्णा?"

"कुणाची न्हाय. ह्या साडीच्या कांड्या हिनं भरल्यात." हिनं म्हणजे गंगाक्कांनी, त्यांच्या पत्नीनं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "निम्मी झालती, तवा ती गेली. मग मी विणली न्हाय."

"पुरी का केली नाही?"

"पुरी झाली की मागावरनं काढाय लागती."

बाजूच्या टोपलीत जांभळ्या सुताच्या कांड्या होत्या. एकही रिकामी नव्हती. सहा वर्षं रोज दोनदा त्या खिडक्यांवर पाणी मारलं गेलं होतं. मी जवळ जाऊन ताण्यातली तुटलेली टोकं बघितली. सगळ्यांना मिशा होत्या.

"आजच तुटलं?"

"सकाळपास्नं. मी शाळंत हुतो. तुटताना बघाय लागलं न्हाय, ते बरं झालं." त्यांनी बोट ओलं केलं, दोन टोकं शोधली, एकमेकांवर ठेवून पिळली आणि गाठ मारली. "सूत हाय. गाठ बसती. ती पोरगी पडली, तवा मी फाटकात हुतो. पोरीला गाठ मारता येत न्हाय."

मी म्हणालो, "पोती सोमवारी परत आणू. शाळेला दुसरी कुठंतरी मिळतील."

"ऱ्हाऊ दे तितंच. त्या खिडकीला बरुबर बसल्यात." त्यांनी आणखी एक टोक उचललं आणि उजेडात धरलं. "उद्या शनवार. सकाळची शाळा, दुपार मोकळी. उद्या लई गाठी हुतील. तेवढं दार वडून घे जाताना. ऊन येतंय."