चंद्राआड पाऊण तास

आमचे शेजारी दिगूकाका आंघोळीला जात नसत, चंद्राआड जात. जाण्यापूर्वी आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर टकटक करत. मी उलट टकटक करायचो, मगच बादलीचा आवाज. बाहेर आले की पुन्हा टकटक.

"पाऊण तासात टकटक आली नाही तर किल्ली घेऊन ये, विन्या. यान चंद्राच्या मागे गेलं की तेवढा वेळ संपर्क नसतो."

काका रेल्वेतले निवृत्त गार्ड. काकू गेल्यावर दांडिया बाजारातल्या त्या दोन खोल्यांत ते, एक हिरवी झेंडी आणि चंद्र. माणूस चंद्रावर गेला या अख्ख्या इतिहासात त्यांना रस एकातच: खाली न उतरलेल्या तिसऱ्यात. गुजराती दूधवाल्यालाही सोडत नसत; पहिल्या खेपेला चंद्रावर किती जण गेले, हे त्याच्याच भाषेत विचारत.

"भाई, चंद्र पर पहेली वार केटला गया'ता?"

"बे, काका."

"त्रण! बे उतर्या. त्रीजो ऊपर गाडी संभाळतो'तो. गार्ड हतो ए!"

मग मराठीत माझ्याकडे मोर्चा. "चंद्रावर चालले बारा जण. त्यांच्यासाठी वर फिरत राहिले सहा. एकाचं नाव सांग. नाही ना येत? मग परत आणलं कोणी रे त्यांना?" आणि शेवटी ठरलेलं: छत्तीस वर्षांच्या नोकरीत आपण एकही सिग्नल चुकवला नाही.

आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी सगळी बिल्डिंग आमच्या टीव्हीसमोर होती. काकांना मी बोलावलं नाही. आले असते तर "वर कोण राहिलं?" यातच सगळा कार्यक्रम बुडाला असता. सहाच्या आधी भिंतीवर टकटक झाली. मी उलट टकटक केली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

यान उतरलं. टाळ्या झाल्या, पेढे झाले. लोक गेल्यावर बायकोनं, सुधानं, विचारलं, "काका बाहेर आल्याची टकटक झाली का हो?"

"झाली मघाशी," मी म्हणालो.

झाली नव्हती. उठायचा कंटाळा आला होता, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं, तर बरं वाटलं असतं.

सकाळी त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. किल्ली लावली. काका मोरीत आडवे होते. खुबा मोडलेला, अंग गार पडलेलं. शुद्धीवर होते.

दवाखान्यात सुधा रडत म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर आल्याची टकटक यांनी ऐकली होती. मग हे झालं कसं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी सुटताना बघावं तसं, इंजिनापासून नीट.

"ऐकली ना त्यानं. बरोबर आहे. मी केली होती. मग पंचा आत राहिला म्हणून परत गेलो, तेव्हा सिग्नल द्यायचा विसरलो. विन्याची काय चूक? गार्डची चूक." मग मला म्हणाले, "नीट उतरलं ना रे?"

"उतरलं, काका."

"वाटलंच. टाळ्या ऐकल्या मी."

चौथ्या दिवशी ते गेले. बिल्डिंगमध्ये अजून हळहळतात: एवढा शिस्तीचा माणूस, पण शेवटी सिग्नल चुकलाच. सुधाही म्हणते. मी आजवर मान डोलावत आलो.

चुकला नव्हता. आत जाताना त्यांनी दिला होता, आणि मी तो ऐकला होता.