उरलेली एक स्प्रिंग

घड्याळजींनी किल्ली सातव्यांदा फिरवली तेव्हा त्यांची बावीस वर्षांची गाडी एकदाची सुरू झाली आणि हुडहुडी भरल्यासारखी थडथडायला लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन मान टाकणार, हे महिनाभराच्या अनुभवाने त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी पाय काढला. इंजिनाने मान टाकली.

"अहो, भावजींना एक हाक मारा," शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली. "सख्खा भाऊ मेकॅनिक, गॅरेज दोन गल्ल्या सोडून, आणि मी रोज शाळेत उशिरा. मुख्याध्यापिकेनंच उशिरा यायचं का?"

"त्यानं आधी बोलावं."

पावणेदोन वर्षांपूर्वी घरच्याच एका जेवणात धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मोबाइल असताना आता घड्याळ लागतं कुणाला?" थोरल्याने जागच्या जागी परतफेड केली, "गॅरेजवाल्यांचं बरं असतं. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले तरी गाडी चालते." सगळे हसले, ते दोघे सोडून. तेव्हापासून अबोला. घड्याळजींना भावाची आठवण रोज यायची, पण नाक आडवं यायचं.

बरं, दुसऱ्या मेकॅनिककडे जावं, तर तेही त्यांच्याच्याने होईना. भावाशी बोलत नाही म्हणून त्याच्या पोटावर पाय द्यायचा? आपली गाडी दुसऱ्याच्या गॅरेजसमोर उभी दिसली तर त्याला काय वाटेल, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून त्यांनी स्वतःच हत्यारं उचलली.

बॅटरीची टोकं घासली. ढिम्म फरक नाही. प्लग बदलले, तर सातव्याऐवजी सहाव्या किल्लीला सुरू व्हायला लागली. मग कार्बोरेटरचा एक स्क्रू त्यांनी घड्याळाच्या पेचकसाने जरासा फिरवला. घड्याळात एवढं फिरवलं की दिवसाला दोन मिनिटांचा फरक पडतो. इथे काहीच पडेना, म्हणून ते फिरवत राहिले. इंजिन एकदम डरकाळी फोडून उठलं आणि रिव्हर्स टाकताच गाडी उसळली ती थेट शेजाऱ्यांच्या तीन कुंड्यांवर.

"घड्याळ मागे घेता तशी गाडी घेतलीत की काय?" शेजारी म्हणाले. घड्याळजींनी निमूटपणे माती गोळा केली.

रविवारी त्यांनी कार्बोरेटरच काढला. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, डोळ्याला भिंग लावलं, एकेक भाग पेट्रोलने पुसून ओळीने मांडला आणि त्याच ओळीने परत जोडला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांचा हात कधी चुकला नव्हता. जोडून झाल्यावर त्यांनी समाधानाने फडकं झटकलं. टणकन एक स्प्रिंग जमिनीवर पडली.

बायकोने स्प्रिंगकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाली, "वाटीत काढून ठेवू का?"

घड्याळजी उठले. स्प्रिंग रुमालात बांधून चालत गॅरेजवर गेले. 'सहज इकडून चाललो होतो' असं म्हणायचं त्यांनी वाटेत दोनदा घोकलं होतं, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? त्यांनी रुमाल सोडून भावापुढे धरला.

"उरली," ते म्हणाले.

धाकटा हसेल म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. धाकटा हसला नाही. त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि म्हणाला, "चल दादा."

अर्ध्या तासात स्प्रिंग जागेवर गेली, स्क्रू ताळ्यावर आला, कार्बोरेटर गाडीत परत बसला. इंजिन सुरू करून धाकट्याने इकडेतिकडे कान लावले आणि इंजिनाच्या मागच्या बाजूच्या एका रबरी नळीवर बोट दाबलं. थडथड थांबली. बोट काढलं, परत सुरू झाली.

"नळीला चीर आहे. हवा ओढतेय." त्याने चिरलेला तुकडा कापून टाकला आणि नळी पुन्हा घट्ट बसवली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि न थडथडता सुरूच राहिली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

हात धुवायला म्हणून धाकट्याने मनगटावरचं घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं. थोरल्याची नजर सवयीने तिकडे गेली. सकाळचे साडेअकरा होत होते. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे बंद आहे."

"हो. वर्ष झालं."

"मग कुणाला दाखवलं नाहीस? चौकात दोन दुकानं आहेत की."

धाकटा साबण चोळत राहिला. "तू गाडी नेलीस का दुसरीकडे?"

घड्याळजींनी घड्याळ कानाशी नेलं, मागचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं. सेल संपला होता, दुसरं काही नाही.

"काय झालंय?" धाकट्याने विचारलं.

"अवघड दिसतंय," घड्याळजी गंभीरपणे म्हणाले. "दोनतीन दिवस तरी लागतील. रोज येऊन बघून जा."

धाकट्याने हात पुसले आणि पहिल्या किल्लीला सुरू झालेल्या गाडीकडे पाहिलं.

"येतो," तो म्हणाला. "नाहीतरी गाडीचंही अजून खरं नाही."