दिएवेरिस म्हणजे आपला दीर

शारजातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट अडकली, की बाकीचे वॉचमनला हाका मारत. सबनीसकाका आत असले, तर शेजारच्याला लिथुआनियन शब्द ऐकवत. "वहिनी, दिएवेरिस म्हणजे कोण, सांगा. अहो, देवर! आपला दीर! मूळ शोधा, मूळ. घरचंच निघतं." लिफ्ट सुरू झाली की माझी बायको मधल्याच मजल्यावर उतरून जिना धरायची.

काका एका गोदामात अकाउंटंट. सुट्टी मिळाली, की दुबईच्या बाजारात फरकोट घ्यायला आलेल्या लिथुआनियन बायका हुडकायचे आणि विचारायचे, "घोडीला तुमच्यात अश्वा म्हणतात ना?" एकीनं सांगितलं, हा शब्द तिच्या आजीनंही कधी वापरला नसेल. काका खूश. "जुना आहे, म्हणजे अस्सल आहे!" दुकानदार हात जोडायचा, "काका, खलास! कस्टमर भाग रहा है."

या वेडाचं कारण सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. डॉक्टरकी शिकायला लिथुआनियाला गेलेल्या त्यांच्या मुलानं तिथलीच मुलगी केली होती. साताऱ्याहून काकूंनी निकाल दिला होता, "ती या घरात पाऊल टाकणार नाही." काकूंशी भांडून जिंकणं काकांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून सून मुळात आपल्यातलीच आहे, हे ते एकेका शब्दानं पटवायला निघाले होते.

त्यांच्या खोलीत फोन नव्हता. दर शुक्रवारी आमच्याकडून साताऱ्याला फोन लागे. "अगं, सासऱ्याला जुना शब्द शेशुरस! म्हणजे मी तिचा शेशुरस. ऐकतेस ना?" पलीकडून "जेवलात का?" एवढंच येई आणि फोन बंद. आधी मला हसू यायचं, पुढेपुढे वाईट वाटायला लागलं.

एका शुक्रवारी मात्र काका रिसीव्हर ठेवून तसेच बसून राहिले.

"ती विचारतेय, त्यांच्यात 'ये' कसं म्हणतात."

"मग सांगायचं ना!"

"येत नाही हो मला! घोड्या, लांडगे, दीर, सगळं गोळा केलं. 'ये' शिकायचं राहूनच गेलं."

मुलाच्या घरचा नंबर मीच फिरवला. सुनेनं उचलला. काकांनी अडखळत इंग्रजीत विचारलं, तिनं सांगितलं. या शब्दाचं मूळ काढण्याच्या भानगडीत काका पडले नाहीत. दोनदा पुटपुटले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "मदर इज आस्किंग. युवर मदर-इन-लॉ. अतेइक."

पलीकडून ती काहीतरी बोलली. मग काका रडायलाच लागले.

"काय म्हणाली?" मी घाबरून विचारलं.

"विचारतेय, येताना आईंसाठी काय आणू."