सहज दिसण्याचे अधिकृत निकष

दाखले कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे घाईबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, माघारी घाईबाई. आणि माघारी म्हणजे काही फार लांब नव्हे, शेजारच्या टेबलावरून. बावीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसत होत्या. उजव्या हाताने लिहायचं, डाव्याने शिक्का मारायचा आणि तोंडाने पुढच्या माणसाला ‘फोटो आणलाय ना?’ असं विचारून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. दिवसाला ऐंशी दाखले त्यांच्या हातून बाहेर पडत. उरलेल्या तीन खिडक्या मिळून चाळीस. त्यामुळे कार्यालयात त्यांच्याबद्दल थोडी नाराजी असणं स्वाभाविकच होतं.

घाईला कारण होतं. घरी बाबा होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून गिळणंही अवघड झालं. एक वाजता जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी झाली की घाईबाई पळत घरी जात. चालत नऊ मिनिटांचं अंतर, त्या सहा मिनिटांत कापत. मग अठरा मिनिटं बाबांसमोर बसून एकेक चमचा भरवायचा, गळ्याकडे बघत थांबायचं, घास खाली उतरला की पुढचा. जगात हे एकच काम होतं ज्यात घाईबाईंनी कधी घाई केली नाही. पण ते कार्यालयाबाहेरचं काम असल्यामुळे त्याची सेवापुस्तकात नोंद नव्हती.

तर अशा या सुरळीत चाललेल्या कार्यालयात एके सकाळी परिपत्रक आलं. मोठे साहेब कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले होते. परिपत्रकात म्हटलं होतं: ‘नागरिकांना मिळणाऱ्या सेवेचा वेग वाढवणे विविध कारणांमुळे शक्य नसल्याने, सेवा देणाऱ्यांच्या मुद्रेत सुधारणा करण्याचे ठरले आहे. याकामी फ्रेंच जीवनशैलीतील सहजता आदर्श मानण्यात यावी.’ खाली सही, शिक्का आणि ‘तातडीचे’ असा शेरा होता.

सहजता शिकवायला एक सल्लागारबाई नेमल्या गेल्या. त्या पॅरिसला प्रत्यक्ष नऊ दिवस राहून आलेल्या होत्या. त्यातले दोन दिवस सामान हरवल्यामुळे विमानतळावरच गेले, पण तिथेसुद्धा माणसं किती सहज बसली होती, असं त्या डोळे मिटून सांगत. पहिल्याच व्याख्यानात त्या म्हणाल्या, “तिथल्या बायका आरशात बघतच नाहीत. उठतात, हाताला येईल ते अंगावर घालतात, आणि निघतात. आपल्यालाही तसंच दिसायचंय. त्यासाठी उद्यापासून सर्वांनी एक तास आधी यायचं.”

मग निकष आले. गळ्यातला रुमाल निष्काळजीपणे बांधलेला दिसावा, बांधण्याची रीत सोबतच्या आकृतीप्रमाणे, सात टप्प्यांत. बाहीच्या दोन घड्या पूर्ण, तिसरी अर्धवट. केसांची एक बट मोकळी. दोन आढळल्यास अजागळपणा समजण्यात येईल. टक्कल असलेल्या कर्मचाऱ्यांनी बटेबाबत स्वतंत्र अर्ज करावा. घाम पूर्वपरवानगीने. आणि नागरिकाने काहीही विचारलं तर उत्तर देण्यापूर्वी एकदा खांदे उडवावेत. खांदे उडवूनच त्याचं समाधान झालं तर उत्तर देऊ नये.

दोन नंबरच्या खिडकीतल्या लिपिकाचं नशीब मात्र एका दिवसात फळफळलं. त्यांना सगळे आरामराव म्हणत. वीस वर्षांत ते वेळेवर आले नव्हते, रुमाल त्यांच्या गळ्यात कायमचाच लोंबत असे, आणि खांदे तर त्यांनी इतक्या लोकांसमोर उडवले होते की मोजदाद नाही. सल्लागारबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आरामरावांना आजवर मिळालेले अकरा मेमो मागे घेऊन त्यांची प्रशस्तिपत्रं करण्यात आली. मजकूर तोच ठेवला, फक्त मथळा बदलला.

हे सगळं घाईबाईंनी मुकाट्याने सोसलं असतं. परिपत्रकं काय, येतात आणि जातात. पण या निकषांच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की महिनाअखेर परीक्षा होईल आणि अनुत्तीर्ण कर्मचाऱ्यांची बदली जुन्या कागदांच्या गोदामात होईल. गोदाम बसने चार तासांवर होतं. ते वाचून घाईबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांना घेऊन तिकडे जाणं शक्य नव्हतं, आणि सोडून जाणं तर त्याहून नव्हतं. त्याच्याच वरच्या ओळीत होतं: दुपारचं भोजन यापुढे दोन तासांचं, सर्वांनी एकत्र, टेबलाशी बसून, घड्याळ न बघता.

त्या साहेबांकडे गेल्या.

“साहेब, मला एक वाजता घरी जावं लागतं. वडिलांना भरवायचं असतं.”

“ते माहितीये मला. पण बाई, तुम्ही पळता,” साहेब म्हणाले. “परवा मी वरून पाहिलं. आपल्याकडची माणसं अशी रस्त्याने पळताना दिसली की लोकांना वाटतं, आत काहीतरी काम चालू आहे.”

“चालत जाईन. जेवणाची सुट्टी आता दोन तास आहे, निवांत होईल.”

“पण ती टेबलाशी बसूनच घ्यायची आहे ना.”

“मग वडिलांनी काय करायचं?”

साहेबांनी थोडा विचार केला आणि खांदे उडवले. त्यांचा सराव चांगला चालला होता.

घाईबाईंनी समोर राहणाऱ्या काकूंना गळ घातली. काकू जिवाला जीव देणाऱ्या. “अगं, त्यात काय एवढं? मी भरवेन की. माझे हात काय मोडलेत?” असं म्हणाल्या. घाईबाईंनी त्यांना दोन दिवस समोर बसवून दाखवलं. “काकू, चमचा अर्धाच भरायचा. मग गळ्याकडे बघायचं. उतरला की मगच दुसरा. बोलत बोलत भरवायचं नाही हं, तुम्ही बोलायला लागलात की ते हसतात.” काकू हो हो म्हणाल्या. पण काकूंना गप्प बसून काही करण्याची सवय नव्हती, आणि बाबांना दोन वर्षांत त्यांच्याइतकं हसवणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

मग रोज दुपारी एक ते तीन सगळं कार्यालय लांबलचक टेबलाशी बसू लागलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं, त्याची टिकटिक ऐकू आली म्हणून नंतर कपाटही हलवलं. घाईबाई ताटात बघत बसत. आता पहिला चमचा, आता पाणी, आता पुसलं असेल तोंड, असं मनात चाललेलं. सल्लागारबाई मागून येऊन म्हणत, “कपाळ सैल सोडा.” घाईबाई कपाळ सैल सोडत. सल्लागारबाई पुढे गेल्या की ते पुन्हा आवळलं जाई.

संध्याकाळी त्या आरशासमोर रुमालाचे सात टप्पे गिरवत. एकदा बाबा पलंगावरून बराच वेळ बघत होते. शेवटी जड जिभेने म्हणाले, “काय गं हे?”

“नोकरी, बाबा.”

बाबांचं अर्धं तोंड हसलं. घाईबाईंना रडू आलं, पण दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले दिसले असते, म्हणून त्यांनी ते आवरलं.

इकडे दाखल्यांचं काय झालं म्हणाल, तर दिवसाला बावीसवर आले. बाहेरची रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली. लोक कुरकुरले. तेव्हा पुरवणी परिपत्रक निघालं: ‘रांगेतील नागरिकांच्या चिंताग्रस्त मुद्रेमुळे कर्मचाऱ्यांच्या सहजतेवर विपरीत परिणाम होत असल्याने, अशी मुद्रा आढळल्यास संबंधितास रांगेच्या शेवटी उभे करण्यात यावे.’ बायकोला रुग्णालयात भरती करायला रहिवासाचा दाखला हवा असलेला एक गृहस्थ तीन दिवस शेवटी जात राहिला. चौथ्या दिवशी तो गळ्यात रुमाल बांधून, कोपर खिडकीवर टेकवून, ‘झालं तर बघा’ असं म्हणाला. त्याला दाखला दहा मिनिटांत मिळाला, आणि सल्लागारबाईंनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

आणि लोकांना हे आवडलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. माणसं रांगेत येताना रुमाल बांधून येऊ लागली. शिक्षा द्यायला शिपाई लागेना. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की आजूबाजूचेच त्याला सौम्य शब्दांत मागे पाठवत. आधी जिथे भांडणं व्हायची तिथे आता नुसतं मंद हसू दिसे. काम होत नव्हतं, पण ते न होणं बघायला फार छान वाटे.

परीक्षेचा दिवस आला. लेखी काही नव्हतंच. एक वाजता प्रात्यक्षिक भोजन, खिडक्या उघड्या, रांगेतल्या नागरिकांच्या साक्षीने. घाईबाईंना रुमालाला दहापैकी आठ मिळाले, बटेला सहा. खांद्यांना मात्र तीनच. शेरा होता: ‘खांद्यांत जबाबदारी जाणवते.’ भोजनात पूर्ण गुण मिळाले तरच त्या उत्तीर्ण होणार होत्या. त्या पाठ टेकवून बसल्या, काटा हातात धरला, आणि पुढचे दोन तास जगात काही नाही असं स्वतःला बजावलं.

वीस मिनिटं झाली असतील. काकू रस्त्यावरून धावत आल्या आणि रांगेतून पुढे घुसू लागल्या. लोकांनी त्यांना थोपवलं.

“काकू, मागे या. केवढी दमलीय तुमची मुद्रा.”

“अरे, घास अडकलाय त्यांच्या घशात. तिला बोलवा. चार नंबरच्या बाईला बोलवा.”

“सांगतो की. पण असं नाही बोलायचं इथे.”

काकूंना अदबीने रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. निरोप मात्र पुढे पाठवला. माणसं काही वाईट नव्हती. प्रत्येकाने तो पुढच्याला दिला, आणि देताना आवाज जरा खाली आणला, शब्द जरा मऊ केले. खिडकीपाशी पोचला तेव्हा सर्वांत पुढच्या माणसाने तो छान हसून आत सांगितला: “बाई, घरून कुणीतरी आलंय म्हणे. सवडीने या.”

घाईबाईंनी मान वर करून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या टोकाला काकू उभ्या होत्या. काकूंच्या हातात चमचा होता.

खुर्ची मागे कोसळली. रुमाल खुर्चीच्या दांडीत अडकून निम्मा सुटला आणि तसाच पाठीवर लोंबत राहिला. केस सगळेच्या सगळे मोकळे झाले. दारात एक चप्पल निघाली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रांग दोन्ही बाजूंना सरली आणि त्या मधून पळत गेल्या, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, डोळे कुठेतरी लांब लागलेले. कुणीतरी तेवढ्यात फोटो घेतला.

साहेबांनी बदलीच्या आदेशासाठी पेन काढलं. सल्लागारबाई मात्र हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“पाहिलंत?” त्या म्हणाल्या. “एकही हालचाल ठरवून केलेली नव्हती. याला म्हणतात सहज. नऊ दिवसांत मला तिथेसुद्धा असं काही दिसलं नव्हतं.”

घाईबाई शंभरपैकी शंभर गुणांनी पहिल्या आल्या. आरामरावांना दुसरा क्रमांक मिळाला. त्यांनी तो झोपेत स्वीकारला. त्याच संध्याकाळी सुधारित निकष निघाले. रुमाल पाठीवर, गाठ सुटलेली. केस मोकळे. चप्पल एकाच पायात, शक्यतो डाव्या. नजर दूर, जणू काही राहून गेले आहे अशी. फोटो गावभर फिरला. दुकानात सुटी चप्पल मिळू लागली, जोडीच्याच किमतीत. शाळांनी स्नेहसंमेलनात ती चाल बसवली. घाईबाईंना निकाल कळवायला कुणी त्यांच्या घरी गेलं का? गेलं नाही. पत्र पाठवलं, साध्या टपालाने.

नवव्या दिवशी घाईबाई आल्या. आत आल्या नाहीत, बाहेर रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्याच खिडकीसमोर. दोन्ही पायांत चप्पल, केस घट्ट बांधलेले, गळा मोकळा. हातात मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज होता. तो त्यांनी स्वतःच भरला होता, एकही खाडाखोड नव्हती, फोटो जोडलेला होता. पुढच्या माणसांपैकी कुणीच त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसं? फोटोत त्या अगदी वेगळ्या दिसत होत्या.

त्यांच्या लगेच पुढे तुम्ही उभे होता. तुम्ही वळून त्यांच्या पायांकडे पाहिलंत, मग केसांकडे, मग चेहऱ्याकडे; अर्जाकडे काही तुमचं लक्ष गेलं नाही. तुमच्या स्वतःच्या पायात एकच चप्पल होती, नवी, आणि ती जरा चावत होती. “बाई, असं नाही चालत इथे, मागे जा,” असं त्यांना तुम्हीच म्हणालात, आणि आवाज अगदी सौम्य ठेवलात.