लरूची गाडी थांबेना

"कापायची म्हणजे कापायची," डेलमर म्हणाला. "छप्पर चार बोटं खाली घ्यायचं, आतल्या गाद्या काढायच्या, चालवणाऱ्याभोवती नळ्यांचा पिंजरा जोडायचा. आठवड्याचं काम."

"ती लरूची गाडी आहे," ऑर्व्हल म्हणाला.

ऑर्व्हलची बायको लरू जाऊन सात महिने झाले होते, आणि या वाक्यापुढे बोलायचं नाही एवढं त्याच्या जुन्या मित्राला, डेलमरला, कळत होतं. पण ऑगस्ट तोंडावर आला होता. ऑगस्टमध्ये वाळलेल्या मिठाच्या मैदानावर वेगाच्या शर्यती. इंजिन तयार होतं, सांगाडा तयार होता, त्यावर चढवायला जुन्या गाडीचं वरचं पत्र्याचं अंग तेवढं हवं होतं. नियम साफ होता : अंग अठ्ठेचाळीस सालाच्या आतलं हवं, आणि नाकाला हात लावायचा नाही. अशी अंगं दोनच होती. डेलमरने भंगारातून आणलेली चौतीस सालची दोन दारांची कूपे, आणि शेडच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली लरूची एकोणचाळीस सालची सेडान. गोल पाठीची, पाण्याच्या थेंबासारखी.

"वारा तिच्यावरून नुसता घसरून जाईल रे," डेलमर हळूच म्हणाला. "कूपेचं कपाळ बघ, दारासारखं उभं."

"तोंडाने बोलून काय होतंय? उतारावर सोडू दोघींना. जी लांब जाईल ती शर्यतीला."

ऑर्व्हलला मनातून कूपे जिंकायला हवी होती. म्हणजे सेडान पुन्हा चादरीखाली गेली असती, आणि तिला करवत लागली नसती.

उताराची युक्ती खरं तर लरूची. लग्न झाल्यापासून दर शनिवारी दोघं खडीच्या खाणीपाशी आपापल्या गाडीचं इंजिन बंद करायची आणि गाडी उतारावरून गावाकडे सोडायची. जी आधी थांबेल तिच्या मालकाने रात्रीची भांडी घासायची. ऑर्व्हलने एक्केचाळीस वर्षांत सहा गाड्या बदलल्या. भांडी एकदाही सुटली नाहीत.

डेलमर कामाचा पक्का. दोन्ही गाड्यांचं वजन सारखं नको का? कूपेत इंजिन नव्हतं, म्हणून धान्याच्या गोदामातल्या काट्यावर तिला उभी करून आत वाळूच्या गोण्या भरल्या.

"सेडानपण आण काट्यावर," डेलमर म्हणाला.

"तिचं वजन पुस्तकात छापलंय. तेवढं भर."

चादर काढायचीच ऑर्व्हलच्या जिवावर आली होती. मागची डिकी तर कायम लरूच उघडायची; ती गेल्यापासून तिला कुणाचा हात लागला नव्हता.

"तुझ्या ट्रॅक्टरची ती लोखंडी वजनं असती तर गोण्या भराव्या लागल्या नसत्या," डेलमर घाम पुसत म्हणाला.

"ती तूच नेलीस. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात."

"नाही नेली रे बाबा! चाळीस वर्षं तेच ऐकतोय!"

शनिवारी सकाळी खाणीपासून कूपे सुटली. डेलमर स्टीअरिंगवर होता. घरंगळत घरंगळत ती टपालपेट्यांपर्यंत आली आणि थांबली. डेलमरने उतरून रस्त्यावर पिठाची रेघ ओढली आणि ओरडला, "आता तू! आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. लावलास तर चाचणी बाद!"

ऑर्व्हल सेडानमध्ये बसला. लरूचा हातमोजा अजून काचेपाशी होता. त्याने तो जरा बाजूला सरकवला आणि गाडी सोडली.

पहिलं वळण गेलं. वारा खिडकीतून शिटी मारायला लागला. ऑर्व्हलने ठरवून हळूहळू जायचा विचार केला होता, पण गाडीला कुठे विचार असतो! टपालपेट्या आल्या, पिठाची रेघ आली, गेली. गाडी आपली चाललीच आहे.

"जातेय! डेलमर, जातेय बघ ही!" ऑर्व्हल खिडकीतून डोकं काढून ओरडला. तिने हरावं असं आपल्याला वाटत होतं, हे तो साफ विसरला.

डेलमर मागून पळत होता. "शंभर पावलं जास्त! दीडशे! थांबू नकोस!"

रस्त्याच्या टोकाला चर्च होतं. चर्चपुढे रस्त्यातच बायकांनी दुपारच्या जेवणाचं लांब टेबल मांडलं होतं. चीज घातलेले बटाटे, पाव, आणि मधोमध किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. ती नेड्राची. नेड्रा म्हणजे लरूची जिवाभावाची मैत्रीण.

गाडी आता माणसाच्या चालीने येत होती. तिला बघायला, घाबरायला आणि ओरडायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळाला.

"ऑर्व्हलभाऊ, ब्रेक लावा!"

"लावता येत नाही, नेड्राताई! चाचणी चाललीय!"

"कसली चाचणी? समोर जेवण आहे!"

"मग जेवण हलवा!"

चार बायकांनी टेबल उचललं आणि मागे मागे चालू लागल्या. गाडी पुढे पुढे. टेबल दहा पावलं गेलं, गाडी नऊ. "अजून येतेय का गं?" पाठमोरी बाई विचारत होती. "येतेय, येतेय, चाल!" मागून डेलमर पावलं मोजत होता. शेवटी बायका चर्चच्या भिंतीला टेकल्या. ऑर्व्हलने स्टीअरिंग वळवलं, पुढचं चाक बागेच्या पाण्याच्या पाटात उतरलं, एक दणका बसला आणि गाडी थांबली. बंपर टेबलाला जेमतेम शिवला. हिरवी जेली थरथरली, विचार केल्यासारखी जरा थबकली आणि बॉनेटवर उतरली.

"तीनशे बारा!" डेलमर धापा टाकत म्हणाला. "तीनशे बारा पावलं जास्त! जिंकली! कापायची!"

ऑर्व्हलचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागे करकर आवाज झाला. दणक्याने डिकीचं झाकण सुटलं होतं आणि आता सावकाश वर येत होतं.

आत एक गोधडी होती. डेलमरने ती उचलली. गोधडीखाली ट्रॅक्टरची चार लोखंडी वजनं ओळीने, दोरीने पक्की आवळून बांधलेली.

"ऑर्व्हल," डेलमर म्हणाला, "माफी माग."

नेड्रा बॉनेटवरची जेली चमच्याने भांड्यात परत भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आम्ही दोघींनी मिळून चढवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. माझी कंबर आठ दिवस धरली होती. जड गाडी लांब जाते, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं."

"एक्केचाळीस वर्षं!" ऑर्व्हल म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं भांडी घासली मी!"

"तिला भांडी आवडत नसत," नेड्रा म्हणाली.

ऑर्व्हल पाटाच्या कडेला बसला. त्याचे खांदे हलायला लागले. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी रुमाल. जवळ गेल्यावर कळलं की तो हसतोय. सात महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून.

"लबाडी झाली," डोळे पुसत तो म्हणाला. "सेडान बाद. कूपे शर्यतीला."

"अरे, वजनं काढून परत सोडून बघू!"

"बाद म्हणजे बाद. नियम तुझेच, डेलमर."

त्या दुपारी चर्चमधली सगळी भांडी ऑर्व्हलने घासली. कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये कूपे मिठावर उभी राहिली. मिठावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात, तिथे वजन लागतं. शर्यतीच्या तपासनिसाने आत डोकं घातलं. मागच्या आसाच्या वर चार लोखंडी वजनं होती, आणि त्यांच्यावर एक जुनी गोधडी.

"गोधडी काढा," तो म्हणाला. "आणि ही वजनं पक्की आहेत ना? दोनशे मैलांच्या वेगात सुटायला नकोत."

ऑर्व्हलने गोधडीची घडी केली आणि काखेत धरली.

"एक्केचाळीस वर्षं डिकीत बसून कळूसुद्धा दिलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "आता काय सुटतायत!"